पाच पायऱ्यांखालचा नळ

पगारेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर उकिडवे बसून, मान वाकडी करून, एका लोखंडी सळईच्या टोकाला कान लावून होते. सळईचं दुसरं टोक जमिनीत, डोळे मिटलेले. सकाळचे पावणेसहा. मी नवाकोरा घरमालक, स्वतःचं घर लांबून कसं दिसतं ते बघायला फेरफटक्याला निघालो होतो. मला वाटलं, गृहस्थांना चक्कर आली. धावत गेलो, दंड धरला आणि म्हणालो, "काका, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"आणू नका, येतंय," ते डोळे न उघडता म्हणाले. "मारुतीच्या पारापाशी आलंय. अजून धा मिनिटं. घरी जा, हंडे लावा."

घरी येऊन मी बायकोला, सुमनला, सांगितलं की कॉलनीत एक वेडा माणूस राहायला आलाय. दहाव्या मिनिटाला आमचा नळ खोकला आणि पाणी आलं. सुमन म्हणाली, "वेडा कोण, ते जरा थांबून ठरवू."

मामा नगरपालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. तीस वर्षं नाशिकच्या गल्लीबोळांतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, एवढंच काम. मूळ गाव निफाडच्या बाजूला. अंगात पांढरा सदरा, खाली खात्याचीच जुनी खाकी पँट, पायात टायरच्या चपला. हात हातात घेतला तर पान्हा धरल्यासारखा वाटायचा. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि तिच्यासमोर रोज ताजं भरलेलं पाण्याचं फुलपात्र. मामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांनी माझ्याकडं बघितलं नसंल एवढं त्या पायपाकडं बघितलं."

माणसं त्यांना चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. नळावरून येत. एका लग्नात मी माझ्या कचेरीतल्या साहेबांशी त्यांची ओळख करून द्यायला गेलो. साहेब म्हणजे असा माणूस की ज्याच्यासमोर मी शिंकसुद्धा परवानगी घेऊन देत असे. मामा म्हणाले, "वळखतो की. जुन्या नाशकात, गल्लीतलं तिसरं घर. पाऊण इंची, डाव्या अंगाला. वायसर गेलं व्हतं तुमचं. बदललं का?"

पंगतीतली वीस माणसं साहेबांकडे बघायला लागली. मला नोकरी गेल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हळूच म्हणाले, "तुमच्या त्या मामांना सांगा, बदललं."

पाण्याबद्दल ते घरातल्या माणसासारखं बोलत. पाणी दमतं, पाणी रुसतं, पाणी आळशी आहे पण खोटारडं नाही. नळ सोडताना तोटी कधी पूर्ण फिरवायचे नाहीत. अर्धा आटा, बस. "पुरा आटा खोलला म्हंजे दुसऱ्याच्या घरात हात घातला," म्हणत. आमच्या धाकट्याला हे वाक्य इतकं आवडलं की तो जेवताना मला भात वाढून घेऊ देईना. "बाबा, अर्धा आटा!"

आता आमच्या कॉलनीबद्दल सांगायला हवं, कारण मामांची खरी गोष्ट तिच्या उतारावर घडली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी गावाबाहेरचे मळे भराभर प्लॉट होत चालले होते. आमची कॉलनी म्हणजे नाना बोरस्त्यांचं शेत. नानांनी शेत विकून मधोमध एक प्लॉट स्वतःला ठेवला आणि त्यावर बंगली बांधली, पण मनातून ते शेत त्यांनी विकलंच नव्हतं. माझी ओळख ते पाहुण्यांना अशी करून देत: "हे आमच्या कांद्याच्या वाफ्यात राहत्यात." जमीन उताराची. वरच्या टोकाला मामांचं घर, मध्ये नाना, आणि अगदी खाली ओहोळाजवळ आम्ही. पाण्याचा पाइप खालच्या अंगाने आत आलेला. तो घातला तेव्हा दहा घरं होती. बघता बघता मामांचं सोडून चाळीस झाली. पाइप तेवढाच राहिला.

मग नळाची धार करंगळीएवढी झाली, आणि तिथे माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

पाणी खाली धावतं, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणून मी अंगणात दोन फूट खड्डा घेतला आणि नळ त्या खड्ड्यात उतरवला. धार मनगटाएवढी झाली! मी आठवडाभर कॉलनीत छाती काढून हिंडलो. पुढच्या रविवारी शेजाऱ्याने अडीच फूट खणलं. माझी धार बारीक झाली. मी तीन खणलं. नानांनी चार खणलं, शेत त्यांचंच होतं. होता होता सगळी कॉलनी जमिनीत उतरत गेली. कोणी कोणाच्या घरी गेलं की आधी खड्डा बघायचा आणि "वा, छान झालाय" म्हणायचं. मी अखेर साडेपाच फुटांवर थांबलो. उतरायला पाच पायऱ्या केल्या, त्यांना शहाबादी फरशी बसवली. सुमन डोक्यावर हंडा घेऊन त्या पायऱ्या चढायची आणि वर आली की नुसती माझ्याकडे बघायची. बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

पण माझ्या खड्ड्याचं एक वैशिष्ट्य होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पाणी सकाळी सातला बंद व्हायचं. सगळ्यांचे नळ सातला गप्प. माझा मात्र साडेनऊ-दहापर्यंत वाहत असे! बारीक का होईना, पण वाहत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी पायऱ्या उतरवून दाखवायचो. "सगळा लेव्हलचा खेळ आहे," असं म्हणायचो.

मामांना दाखवलं तेव्हा ते खाली उतरले. बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले. ओंजळीत घेऊन वास घेतला.

"भाऊसाहेब, हे नळाचं पाणी नाय."

"नळातून येतंय की!"

"नळातून येतंय, तेच तर." ते पायऱ्या चढून वर आले. "खणलेली माती कुठं टाकली तुम्ही लोकांनी?"

माती रस्त्याच्या कडेच्या चरीत टाकली होती. ती चर नानांच्या वडिलांनी शेतातलं जास्तीचं पाणी ओहोळात काढायला खणलेली. चाळीस खड्ड्यांची माती तिच्यात गेली आणि चर सपाट झाली. आम्हाला वाटलं, बरं झालं, रस्ता रुंद झाला.

त्या वर्षी श्रावणात झड लागली ती आठ दिवस. न्हाणीघरांचं पाणी, मोऱ्यांचं पाणी, रस्त्याचं पाणी, सगळ्याला जायला एकच जागा उरली होती: आमचे खड्डे. नानांचा नळ आषाढातच खड्ड्यातल्या पाण्यात बुडाला होता; आता खड्डा काठोकाठ भरला. मी मात्र रोज सकाळी बादलीने खड्डा उपसून नळ कोरडा ठेवत असे. दक्ष घरमालक. त्याच सुमाराला खालच्या आठ घरांतली पोटं बिघडली. आई दोन दिवस अंथरुणावर. शेजारची चार वर्षांची पोर तीन दिवस दवाखान्यात, सलाईनवर. मी सुमनच्या मटकीच्या उसळीवर आळ घेतला.

दवाखान्यात मामा त्या पोरीला बघून आले आणि थेट नानांकडे गेले. हातात निळीची पुडी. कपड्यांना देतात ती नीळ.

"नाना, तुमच्या खड्ड्यात टाकू का?"

"टाक की. पण कशापायी?"

"पाण्याला सदरा घालतो. कुठं जातं ते दिसंल."

सातला पाणी गेल्यावर त्यांनी पुडी नानांच्या खड्ड्यात सोडली आणि काठीने ढवळली. हे मला माहीत नव्हतं. मी आंघोळ उरकून कचेरीची तयारी करत होतो. आई बरी होऊन पहिल्यांदाच पूजेला बसली होती. माझ्या त्या सुप्रसिद्ध धारेखालून सुमनने तांब्या भरून आणला, आईने देवांवर पाणी घातलं, आणि आतून हाक आली:

"अरे, बाळकृष्णाचं एक समजू शकते मी. पण ही अन्नपूर्णा निळी कशानं झाली?"

मी बाहेर धावलो. नळातून छानपैकी आकाशी रंगाचं पाणी येत होतं. फाटकाशी मामा उभे, मागे नाना, मागे निम्मी कॉलनी.

"भाऊसाहेब, कुठल्या रंगाचं?"

"निळं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मामांनी तिथेच समजावून सांगितलं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा व्हायला लागतो. जो नळ सगळ्यात खाली, त्यातून पाइपातलं सगळं पाणी गळून जातं, आणि वरच्या उघड्या नळांना पाइप आत ओढून घेतो. नळ कोरडा असेल तर हवा ओढतो. खड्ड्यात बुडालेला असेल तर खड्डा ओढतो. आणि आमच्या कॉलनीची रीत अशी की पाणी गेलं तरी तोटी उघडीच ठेवायची. न जाणो, परत आलं तर!

"म्हंजे," नाना सावकाश म्हणाले, "माझ्या मोरीचं पाणी तुम्ही आषाढापासून..."

"प्यालो," मी म्हणालो.

"आधी सांगायचं ना! साबण जरा कमी लावला असता."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. "पोर वाचली म्हणून हसताय," ते म्हणाले. "पुढल्या खेपेला नाय वाचायची एखादी."

त्या संध्याकाळी नानांच्या अंगणात बैठक झाली. मामांचं म्हणणं सरळ होतं. सगळे खड्डे बुजवा. सगळ्यांचे नळ जमिनीपासून दीड हात वर, सारखे. खड्ड्याची माती चरीतून उचलायची आणि खड्ड्यात घालायची. चर आपोआप मोकळी होईल आणि घाण ओहोळाकडे जाईल. "माती तिच्या जागी गेली की पाणी त्याच्या जागी जातं," ते म्हणाले. पाणी मग सगळ्यांना मिळेल का? "मिळंल. कमी मिळंल, पण वरपर्यंत मिळंल. मी सांगतो ना."

आणि इथे मी तोंड उघडलं. पाच पायऱ्या, शहाबादी फरशी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी म्हणालो, "मामा, नळ वर घेतले म्हणजे पाणी वरच चढणार. आणि सगळ्यात वरचं घर तुमचंच ना?"

दोघंतिघं खाली बघून हसले. मामा उठले. मला वाटलं रागावून चालले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या घरच्या नळाची पितळी तोटी होती.

"पायपाला बूच मारलं," ते म्हणाले आणि तोटी नानांच्या ओट्यावर ठेवली. "शेवटचा खड्डा बुजंपर्यंत माझ्या घरी पाणी नको. तवर रोज एका घरून दोन घागरी न्यायला आम्ही येऊ. वळीनं. पाणी मागायला लाज नाय वाटत. तुम्हाला द्यायला वाटली, तर तसं सांगा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. पण अंगणातल्या प्रत्येकाला कळलं की ते काय बोलले. आम्ही सगळे शिकलेले, कचेऱ्यांत एका टेबलावर डबे खाणारे लोक. पण पगाऱ्यांच्या घागरी आपल्या नळाखाली, हा प्रश्न आमच्यावर कधी आलाच नव्हता, आणि आला नव्हता म्हणून आम्ही स्वतःला फार मोठे समजत होतो.

पहिला नंबर आमचा लागला. मामी दोन घागरी घेऊन आली. आई म्हणाली, "ठेव तिथे, मी घालते," आणि स्वतःचा हंडा उचलून, हात चांगला वर धरून, लांबूनच ओतायला लागली. मी दारात उभा होतो. मला कुठे बघावं कळेना. मामीने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, एवढ्या वरून वतता, निम्मं पाणी मातीत चाललं! ह्यांनी बघितलं ना, तर तुम्हालाबी वायसर बदलायला सांगतील!"

आईचा हात तसाच राहिला. मग तिला हसू आलं, आवरेना, हंडा हिंदकळला. ती खाली बसली, हंड्याचा काठ घागरीच्या तोंडाला टेकवला आणि एक थेंब न सांडता घागर भरून दिली. दुसरीही. मामीला चहा दिला. दोघी तासभर बोलत बसल्या, मुख्यत्वे नवऱ्यांबद्दल आणि मुलांबद्दल, म्हणजे त्यात मीही आलो.

त्या दिवसापासून खड्डे बुजायला लागले. रोज ज्या घरी घागरी यायच्या त्या घरचा खड्डा दोन दिवसांत बुजायचा. कोणी सांगावं लागत नसे. दारात कोणी स्वतःचा नळ बंद करून पाणी न्यायला उभं राहिलं की आपला खड्डा आपल्याला फार खोल दिसायला लागतो. मामा घमेलं घेऊन प्रत्येक ठिकाणी हजर. नानांनी तर पेरणीच्या उत्साहाने चर मोकळी केली. "बापाची चर हाय," म्हणत होते, "मी जित्ता असताना बुजली, शोभतं का?"

सहा आठवड्यांत एकोणचाळीस खड्डे बुजले.

चाळिसावा कुणाचा, हे सांगायला नको. मी रोज नवी सबब काढत होतो. गवंडी मिळत नाही. फरशी अलगद काढावी लागेल. अमावास्या आहे. खरी गोष्ट अशी की नळ उचलला तर मी चूक होतो हे साडेपाच फूट खोलीचं कबूल करावं लागलं असतं. एका सकाळी मी पायऱ्या पुसत होतो. आई वर येऊन उभी राहिली.

"तिकडे ते घर तुझ्यापायी पाण्यावाचून बसलंय, आणि तू पायऱ्या पुसतोस?" मग आत बघून म्हणाली, "सुमन, फावडं कुठंय गं?"

फावडं सुमनने इतक्या तत्परतेने आणलं की ते तिने आधीच दाराआड काढून ठेवलेलं असणार. सासू-सुनेचं एकमत होण्याचा आमच्या घरातला तो पहिला प्रसंग. मामा आले, नाना आले, प्लंबरने नळ वर घेतला. संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला. फरशा तशाच आत राहिल्या. अजूनही आहेत, जमिनीखाली. पुढेमागे कोणी उत्खनन केलं तर इथे मोठी संस्कृती नांदत होती असं त्याला वाटेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी कॉलनी वर, मामांच्या अंगणात जमली. घरोघरी एक माणूस नळाशी, अर्धा आटा उघडून. बूच काढून तोटी बसवलेली होती. सहा वाजले. खालून हाका यायला लागल्या: "आलं!" मग मधून, नानांच्या घरून: "आलं!" सव्वासहा. मामांचा नळ गप्प. साडेसहा. मामी घागर धरून बसलेली. मामा कोणाकडे बघत नव्हते. मी मनात हिशेब मांडत होतो की हा माणूस चुकला असेल तर मी त्याला काय तोंड दाखवू. आणि खरं सांगतो, माझ्या मनातल्या एका नालायक कोपऱ्याला तो चुकावा असंही वाटत होतं.

नळाने हवा सोडली. गढूळ चूळ टाकली. मग एक धार आली, सुतासारखी, पण न तुटणारी. घागरीच्या बुडावर तिचा आवाज झाला आणि मामी म्हणाली, "आगंबाई, वर आलं की!"

नानांनी मामांच्या पाठीत असा धपाटा घातला की ते पुढे झुकले. टाळ्या झाल्या. मामा मात्र घागर भरेपर्यंतही थांबले नाहीत. उतार उतरून तरातरा माझ्या घरी आले. मी मागे धावत.

"भाऊसाहेब, तुमच्याकडं किती भरल्या?"

"आठ घागरी." पूर्वी मी वीसेक भरत असे.

"पुरंल का?"

मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा, चढायला पायऱ्या नाहीत. आठ पुष्कळ झाल्या."

तेव्हा कुठे त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

पुढे काही वर्षांनी पालिकेने मोठा पाइप घातला, पक्क्या गटारी आल्या. आता खड्ड्यांच्या गोष्टी मुलांना खोट्या वाटतात. मामी वारल्यावर मामांना त्यांच्या लेकीने ओझरला बोलावून घेतलं. जावई तिथल्या विमानाच्या कारखान्यात. जायच्या दिवशी मी सोबत म्हणून एस.टी.त बसलो. एक पत्र्याची पेटी, एवढंच सामान. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव, आणि मधूनच चुन्याच्या रेघा मारलेले नवे प्लॉट. मामा खिडकीशी. एकाएकी ते उठले आणि ओरडले, "थांबवा, थांबवा!"

गाडी करकचून थांबली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, इथं स्टॉप नाय."

"स्टॉप नाय, पण काम हाय," मामा म्हणाले. मला म्हणाले, "भाऊसाहेब, पेटी लेकीकडं पोचवा. मी येतो मागल्या गाडीनं." आणि उतरलेसुद्धा.

पेटी मी पोचवली. लेकीने ती घेतली, माझ्या मागे कोणी नाही हे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुठं उतरले?" मी सांगितलं. "बसा," ती म्हणाली. "जेवणाला नाय यायचे, पण येतील."

मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबू शकलो नाही, आणि वर्षभरातच ते गेले. पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याकडे राहिलं ते एस.टी.च्या मागच्या काचेतून दिसलं तेवढंच: नव्या बांधकामाच्या अंगणात गवंडी नळासाठी खड्डा घेत होता, घराचा मालक कमरेवर हात ठेवून "अहो, अहो" करत होता, आणि मामा गवंड्याच्या हातातलं घमेलं काढून घेऊन त्यातली माती परत खड्ड्यात ओतत होते.